डायलॉग उघडतो, पण फोकस कुठं आहे तेच दिसत नाही (विंडोज, विनफॉर्म्स, बिलिंग)

इतवारीचा_कोडवाला

राजेहो, एक किडा डोकं खाऊन राहिला.

इतवारीतल्या एका धान्याच्या ठोक दुकानासाठी बिलिंगचा प्रोग्राम आहे. सी शार्प भाषा, विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या आणि बटणं बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन), दोन्ही मशीनवर विंडोज १०. मुनीमजी आणि त्यांचा पोरगा दिवसभर पावत्या फाडतात. हात कीबोर्डवर, नजर कच्च्या चिठ्ठीवर. तुरीची आवक सुरू झाली की स्क्रीनकडे बघायलाही फुरसत नसते.

पावती रद्द करायची असली की छोटा डायलॉग, म्हणजे प्रश्न विचारणारी खिडकी, येतो. तीन बटणं: 'ठेवा', 'दुरुस्ती', 'रद्द'. तक्रार अशी की डायलॉग आल्यावर कोणत्या बटणावर फोकस आहे, म्हणजे कळ दाबली तर ती कोणाला लागेल, ते कळत नाही. बटणाच्या आत ती ठिपक्याठिपक्यांची चौकट असते ना, ती कधी असते, कधी नसते. शॉर्टकटच्या अक्षराखालच्या रेघेचंही तसंच. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही नेहमी दिसतात. मुनीमजी म्हणतात, "तुमच्या घरी चालते जी, आमच्या दुकानात नाही चालत."

दुसरा त्रास: डायलॉग बंद केला की मधेच आपला प्रोग्राम मागे जातो आणि एक्सेल समोर येतं. मुनीमजी खाली बघून टाइप करतच असतात. तांदळाचे भाव भलत्याच शीटमध्ये.

मशीन बदलून पाहिलं, थीम बदलून पाहिली. कोणाला अनुभव?


संत्रा_बर्फी

ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकून बघ. (मला यातलं काही कळत नाही, धागा वर राहावा म्हणून लिहून राहिलो.)


मिहानवाला

ड्रायव्हरचा काही संबंध नाही. विंडोज हे मुद्दाम करतं, आणि २००० सालच्या विंडोजपासून करत आलं आहे.

तेव्हा असं ठरलं की माउस वापरणाऱ्याला ठिपक्यांच्या चौकटी आणि अक्षरांखालच्या रेघा दाखवून स्क्रीन कशाला भरायची. म्हणून प्रत्येक खिडकीला दोन निशाण्या दिल्या: फोकसची चौकट लपवायची का, आणि शॉर्टकटची रेघ लपवायची का. नवी खिडकी उघडताना विंडोज बघतं की शेवटची हालचाल कशाने झाली. माउसने उघडली तर दोन्ही खुणा लपतात, कीबोर्डने उघडली तर दिसतात. पुढे टॅब किंवा बाणाची कळ दाबली की चौकट येते, ऑल्ट दाबला की रेघ येते. एकदा आली की ती खिडकी बंद होईपर्यंत टिकते.

आता सांग, तू चाचणी करताना डायलॉग कसा उघडतोस आणि मुनीमजी कसा उघडतात?


इतवारीचा_कोडवाला

मी एफ८ दाबतो. मुनीमजींना विचारून सांगतो.


इतवारीचा_कोडवाला

विचारलं. पोरगा टूलबारवरच्या लाल फुलीवर क्लिक करतो, आणि मग लगेच हात कीबोर्डवर नेऊन एंटर. मुनीमजी एफ८ दाबतात. म्हणजे 'कधी दिसते, कधी नाही' हे कोण बसलंय त्यावर होतं. भाऊ, मानलं.

पण मग उपाय काय? क्लिक करू नको असं पोराला सांगता येत नाही.


मिहानवाला

दोन रस्ते आहेत.

पहिला, मशीनवरची सेटिंग. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ईझ ऑफ अ‍ॅक्सेस, कीबोर्ड. तिथं अ‍ॅक्सेस की, म्हणजे शॉर्टकटची अक्षरं, अधोरेखित ठेवण्याचा एक खटका आहे. विंडोज ११ मध्ये तोच खटका अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली गेला. तो चालू केला की रेघा कायम राहतात, आणि माझ्या मशीनवर तरी चौकटही लपत नाही. पण हे गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मशीनवर जाऊन करावं लागतं, आणि नवीन मशीन आलं की पुन्हा.

दुसरा, कोडमध्ये. विनफॉर्म्सच्या प्रत्येक कंट्रोलला शोफोकसक्यूज नावाची प्रॉपर्टी आहे. ती बाहेरून बदलता येत नाही, पण ओव्हरराइड करता येते, म्हणजे तिच्या जागी आपलं उत्तर देता येतं. बटणाचा आपला एक क्लास काढ, त्यात ती प्रॉपर्टी नेहमी ट्रू परत करू दे, आणि सगळ्या डायलॉगमध्ये तोच क्लास वापर. रेघांसाठी तशीच शोकीबोर्डक्यूज आहे. चार ओळींचं काम.

बाकी कुणी साध्या विन३२ मध्ये, म्हणजे विनफॉर्म्सशिवाय थेट विंडोजशी बोलत, काम करत असेल तर तिथं चेंजयूआयस्टेट नावाचा मेसेज आहे. डायलॉग सुरू होतानाच तो पाठवून 'लपवू नको' असं सांगता येतं. एका कंट्रोलला सांगून भागत नाही. मेसेज वरच्या खिडकीपर्यंत चढतो, आणि तिथून खाली सगळ्यांना वाटला जातो.


जुना_फॉक्सप्रो

हे सगळं वाचून हसू आलं आणि थोडा रागही.

मी १९९० च्या दशकात गांधीबागेतल्या कापड दुकानांना डॉसवर, फॉक्सप्रो आणि क्लिपर या जुन्या डेटाबेस भाषांमध्ये, प्रोग्राम करून द्यायचो. 'फोकस कुठं आहे' हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण ज्या खान्यात तुम्ही आहात तो अख्खा खाना उलट्या रंगात यायचा. निळ्या पडद्यावर पांढरा पट्टा. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गादीवर बसलेल्या शेटजींनाही दिसायचं की पोरगं मीटरच्या खान्यात आहे की भावाच्या. एंटर दाबला की पुढचा खाना, शेवटच्या खान्यात एंटर दाबला की नोंद पक्की.

मग विंडोज आलं. पट्टा गेला, एक पिक्सेलची ठिपक्यांची रेघ आली, आणि आता कळतं की तीही माउसवाल्यांना खुपते म्हणून लपवून ठेवली. माझं म्हणणं साधं आहे. ज्या खान्यात फोकस येईल त्याचा मागचा रंग पिवळा करा, गेला की पांढरा. एंटर इव्हेंट आणि लीव्ह इव्हेंट (फोकस खान्यात आला आणि गेला याच्या सूचना, एंटर कळीशी संबंध नाही), झालं काम. ठिपक्यांच्या चौकटीची वाटच कशाला बघायची?

आणि एंटरने पुढच्या खान्यात जाऊ द्या. इतवारी, गांधीबाग, कळमना, सगळीकडे हात टॅलीवर, त्या हिशेबाच्या प्रोग्रामवर, बसलेला आहे. टॅलीत एंटर म्हणजे पुढे. टॅब ही कळ आपल्या बाजारात कुणी वापरत नाही.


टॅब_आणि_शिफ्ट

काका, पिवळ्या रंगाला माझा दुजोरा, एका अटीवर. रंग कोडमध्ये पक्का लिहून ठेवू नका. ज्यांची नजर अधू आहे ते विंडोजची हाय कॉन्ट्रास्ट थीम लावतात. तिथं अक्षरं बहुधा पांढरी असतात, आणि तुम्ही मागे पिवळा टाकला की पिवळ्यावर पांढरं. काहीच वाचता येत नाही. हाय कॉन्ट्रास्ट चालू आहे का ते विनफॉर्म्समधल्या सिस्टिमइन्फर्मेशन क्लासला विचारा, असेल तर सिस्टिमचे हायलाइट रंग वापरा.

दुसरं म्हणजे नुसता रंग पुरत नाही, बटणांसाठी तर नाहीच. खाना पिवळा होतो ते ठीक, पण करड्या बटणाचा करडा थोडा गडद झाला तर ते कोणाला कळणार? वेबच्या सुगम्यता नियमांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, २.४.७ क्रमांकाचा निकष एवढाच म्हणतो की कीबोर्डने चालवताना फोकस दिसला पाहिजे. किती ठळक दिसावा याचं माप २०२३ च्या २.२ आवृत्तीत आलं: कडेने निदान २ पिक्सेल जाडीइतकं क्षेत्र, आणि फोकस असताना व नसताना त्या पिक्सेलांच्या रंगात निदान ३ ला १ चा फरक. तो निकष सगळ्यात वरच्या पातळीचा आहे, सक्तीचा नाही, आणि मुळात वेबसाठी. पण डेस्कटॉपवर बटण रंगवताना तेच माप धरायला काय हरकत आहे?

आता एंटरचं. काका, इथं मी भांडणार.

डायलॉगमध्ये एंटरचं काम ठरलेलं आहे, मूळ बटण दाबणं. त्या बटणाला जाड किंवा निळी कडा असते ती त्याचसाठी. बऱ्याच जणांना वाटतं की कडा आणि ठिपक्यांची चौकट एकच. नाही. तुम्ही खान्यात टाइप करत असता तेव्हा फोकस खान्यात असतो आणि निळी कडा दूर 'ठीक' बटणावर असते. एंटर दाबला तर काय होईल ते कडा सांगते, स्पेस दाबला तर काय होईल ते चौकट सांगते. फोकस दुसऱ्या बटणावर गेला की कडाही तात्पुरती तिकडे जाते. तुम्ही एंटरला 'पुढचा खाना' करून टाकलं तर ती निळी कडा खोटं बोलायला लागते.


जुना_फॉक्सप्रो

मग काढून टाका ती कडा! गिऱ्हाइकाला एंटर पाहिजे आहे, कडा नको आहे.


मिहानवाला

भांडू नका, दोन्ही जमतं. नोंदणीच्या मोठ्या फॉर्मवर अ‍ॅक्सेप्टबटन (एंटरने दाबलं जाणारं बटण ठरवणारी प्रॉपर्टी) रिकामं ठेवा, म्हणजे कडाच राहत नाही. मग प्रोसेसडायलॉगकी, ही कळा हाताळणारी मेथड, ओव्हरराइड करा. कळ एंटर आहे, आणि फोकस बटणावर किंवा अनेक ओळींच्या खान्यात नाही, तर सिलेक्टनेक्स्टकंट्रोलने पुढे जा. टॅबला हात लावू नका, तो चालत राहू द्या. नोंद पक्की करायला वेगळी कळ ठेवा. टॅलीच्या हाताला कंट्रोल ए ची सवय आहे, पण विंडोजच्या खान्यात कंट्रोल ए म्हणजे सगळं निवडणं, म्हणून मी एफ१० ठेवतो.

आणि दोन-तीन बटणांच्या होय-नाहीच्या डायलॉगात एंटर विंडोजच्या रिवाजाने चालू द्या. तिथं पुढचा खाना नसतोच.


टॅब_आणि_शिफ्ट

हे मान्य. पण मूळ धाग्यातली खरी भीती अजून कुणी बोललं नाही. त्या तीन बटणांत एंटरला कोण बांधलेलं आहे?


इतवारीचा_कोडवाला

'रद्द'. कारण पावती रद्द करायलाच तो डायलॉग उघडतात ना.


टॅब_आणि_शिफ्ट

तेच बदल. ज्याने नुकसान होतं आणि परत फिरता येत नाही, ते बटण एंटरच्या तोंडी द्यायचं नाही. अ‍ॅक्सेप्टबटन 'ठेवा' ला दे, कॅन्सलबटनही (एस्केपचं बटण) 'ठेवा' लाच दे, म्हणजे एंटर आणि एस्केप दोन्ही सुरक्षित. 'रद्द' करायला एकदा बाण दाबावा लागला तरी चालेल.

जिथं तयार मेसेजबॉक्स वापरतोस तिथं दुसरं बटण मूळ ठरवता येतं, त्यासाठी आर्ग्युमेंट आहे. आणि होय-नाहीवाला मेसेजबॉक्स टाळ. त्यात कॅन्सल नसतं, म्हणून एस्केप चालतच नाही आणि कोपऱ्यातली फुलीही मेलेली असते. माणूस घाबरून एस्केप बडवत राहतो, काहीच होत नाही, शेवटी वैतागून एंटर दाबतो. ओके-कॅन्सल किंवा होय-नाही-कॅन्सल घेतलं की एस्केप जिवंत होतो.

(जाता जाता: मेसेजबॉक्स समोर असताना कंट्रोल सी दाबलं तर आतला सगळा मजकूर क्लिपबोर्डवर येतो. गिऱ्हाइकाला फोनवर "काय लिहून आलं ते वाचा" म्हणण्यापेक्षा हे बरं.)


दवाई_दुकान

मी कोडवाला नाही, धंतोलीत औषधांचं दुकान आहे. एक सांगतो. आमच्याकडे बारकोडचं मशीन आहे. ते कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतं, आणि प्रत्येक कोडनंतर आपोआप एंटर मारतं. एखादवेळी स्कॅन करताना मधेच "साठा कमी आहे, तरी विकायचं?" असा डायलॉग येतो. तोपर्यंत पोराने पुढची पट्टी स्कॅन केलेली असते. तो एंटर डायलॉगला लागतो आणि डायलॉग दिसायच्या आत निघून जातो. काय विचारलं होतं तेही कळत नाही.


मिहानवाला

दादा, फार मोलाचं सांगितलंत. फोकस पळवणं म्हणतात ते हेच. हात चालू असताना मधेच डायलॉग आला की पुढची कळ त्याच्या नावावर जाते.

फायरफॉक्सने यावर एक तोड काढली आहे. धोक्याच्या डायलॉगमध्ये बटणं उघडल्या उघडल्या चालत नाहीत, थोडा वेळ थांबतात. ती वेळ मुळात १००० मिलिसेकंद ठेवलेली असते. आपणही टायमर लावून तसं करू शकतो.

पण त्यातही फोकसची गोम आहे. बटणं बंद असताना फोकस कुठं राहणार? साध्या विन३२ मध्ये ज्या कंट्रोलवर फोकस आहे तेच बंद केलं, तर फोकस त्या बंद बटणावरच अडकतो आणि कीबोर्ड मेल्यासारखा होतो. टॅब नाही, एंटर नाही, काही नाही. माउसने क्लिक केल्याशिवाय सुटका नाही. नियम असा की आधी फोकस हलवायचा, मग बटण बंद करायचं. विनफॉर्म्स थोडं शहाणं आहे, ते फोकस आपणच पुढच्या कंट्रोलवर ढकलतं. पण पुढचं कंट्रोल जर 'रद्द' असेल तर? म्हणून तिथंही फोकस आपण हातानेच हलवलेला बरा.

स्कॅनरसाठी तर माझं मत असं की डायलॉग आणूच नये. त्या ओळीचा रंग बदला, बाजूला सूचना लिहा, आवाज करा, आणि स्कॅन चालू राहू द्या. बिल पक्कं करताना एकदाच विचारा.


कानाने_वाचणारी

धागा आवडला. मला दिसत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका ऑफिसात काम करते, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर. त्यामुळे तुमची ठिपक्यांची चौकट दिसो न दिसो, मला फरक पडत नाही. पण फोकस स्वतः कुठं आहे, त्यावरच माझं सगळं अवलंबून आहे. स्क्रीन रीडर फोकसच्या मागे चालतो. फोकस हरवला की माझ्याकडे शांतता.

आत्ता वर बंद बटणावर अडकलेल्या फोकसचं लिहिलंत. डोळसांना तिथं निदान डायलॉग दिसतो. मला वाटतं कॉम्प्युटर बंद पडला.

काही गोष्टी ज्या तुमच्या हातात आहेत, पण सहसा कुणी करत नाही:

डायलॉग उघडला की एनव्हीडीए, हा माझा स्क्रीन रीडर, आधी खिडकीचं शीर्षक वाचतं, मग आतला मजकूर, मग फोकस असलेलं कंट्रोल. शीर्षकात कंपनीचं नाव आणि आवृत्ती लिहिलेली असते, ती मी दिवसभर ऐकते. तिथं "पावती रद्द" एवढंच लिहा ना.

विनफॉर्म्समध्ये खान्याला नाव दिलं नसेल तर टॅबच्या क्रमात त्याच्या लगेच आधी जे लेबल असेल तेच त्याचं नाव धरलं जातं. तुम्ही फॉर्मवर लेबल बरोबर डाव्या बाजूला ठेवता, पण टॅबक्रम बनवताना लेबलांचे क्रमांक मागेपुढे होऊ देता. मग 'वजन' च्या खान्यात मला 'हमाली' ऐकू येतं. मी हमालीचा आकडा वजनात टाकते, आणि चूक माझ्या नावावर.

आणि ते चित्रं रंगवून केलेलं गुळगुळीत बटण. आत खरं बटण नसतं, नुसता पॅनल आणि त्यावर क्लिक. टॅबने तिथं जाताच येत नाही.

एनव्हीडीए फुकट आहे. उतरवा, मॉनिटर बंद करा, आणि आपलाच प्रोग्राम चालवून बघा. इन्सर्ट आणि टॅब एकत्र दाबलं की फोकस कुठं आहे ते बोलून सांगतं. त्यात ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनाचा मराठी आवाजही आहे, जरा यंत्रासारखा बोलतो, पण कळतं.


इतवारीचा_कोडवाला

ताई, खरं सांगतो, लेबलांच्या टॅबक्रमाचा असा उपयोग असतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. व्हिज्युअल स्टुडिओत व्ह्यू मेनूमधून टॅब ऑर्डर लावून बघतो.


टॅब_आणि_शिफ्ट

लाव, पण एक ध्यानात ठेव. ग्रुपबॉक्स किंवा पॅनल असेल तर आधी त्या डब्याचा स्वतःचा क्रमांक, मग आतल्या कंट्रोलांचे. आतले कितीही नीट लावले आणि डबाच शेवटी असला तर फोकस सगळं गाव फिरून तिथं येतो. रेडिओ बटणांचा गट एकाच डब्यात ठेव. टॅब गटातल्या निवडलेल्या बटणावर थांबतो आणि आत बाणांनी फिरायचं, असा रिवाज आहे.

त्याच लेबलाचा आणखी एक उपयोग. लेबलावर शॉर्टकटचं अक्षर दिलं, की ते दाबल्यावर फोकस टॅबक्रमात पुढच्या कंट्रोलवर जातो. क्रम चुकला तर शॉर्टकटही चुकतो.


बर्डीकर

माझं काम इलेक्ट्रॉनवर, म्हणजे आतून वेब. तिथं पोरं सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) आउटलाइन नन लिहून फोकसची रेघच काढून मोकळी होतात, डिझायनरला निळी रेघ आवडत नाही म्हणून. त्याऐवजी सीएसएसमधलंच फोकस-व्हिजिबल वापरा. माउसने क्लिक केलं तर बटणावर रेघ येत नाही, कीबोर्डने आलात तर येते. विंडोजने २००० मध्ये जे केलं तेच हे, फक्त दर घटकामागे.


संत्रा_बर्फी

म्हणजे ड्रायव्हर नाहीच?


इतवारीचा_कोडवाला

नाही बे.

आता शॉर्टकटच्या अक्षरांवर येतो. माझी बटणं मराठीत आहेत. 'रद्द' मधल्या 'र' आधी अँपरसँड (& ही खूण, पुढच्या अक्षराखाली रेघ आणणारी) आहे, रेघ आता कायम दिसते. पण ऑल्ट आणि 'र' कसं दाबायचं? मुनीमजींचा कीबोर्ड बहुतेक वेळ इंग्रजीवर असतो, नावं टाकताना इन्स्क्रिप्ट या मराठी कळफलकावर.


मिहानवाला

ही मराठी सॉफ्टवेअरची जुनी दुखरी जागा. इन्स्क्रिप्टमध्ये 'र' येतो जे च्या कळीवर. कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर ऑल्ट आणि ती कळ दाबल्यावर प्रोग्रामला जे मिळतो, 'र' नाही. जुळत नाही, नुसता टुण्ण आवाज. 'ठेवा' चं तर आणखी वाईट, इन्स्क्रिप्टमध्ये 'ठ' ला शिफ्ट लागतो, म्हणजे ऑल्ट, शिफ्ट आणि कळ. 'दुरुस्ती' मधल्या 'दु' ला रेघ दिली तर ती उकारात घुसते आणि दिसत नाही.

जपानी लोकांनी यावर बरी वाट काढली. बटणावर मजकूर जपानीत, आणि शेवटी कंसात एक रोमन अक्षर, रेघ त्याच्याखाली. मी तेच करतो. पण मराठी कळफलक चालू असताना तेही सगळीकडे भरवशाचं नसतं, म्हणून महत्त्वाच्या कामांना फंक्शन कळाच द्या. त्यांना भाषा नाही.


जुना_फॉक्सप्रो

अक्षरं सोडा, आकडे द्या. १ ठेवा, २ दुरुस्ती, ३ रद्द. मुनीमजींचा उजवा हात आकड्यांच्या पट्टीवरच असतो. आमच्या सगळ्या मेनूंना आकडेच असायचे.


टॅब_आणि_शिफ्ट

काका, इथं नको! विंडोजच्या डायलॉगमध्ये फोकस बटणावर असताना शॉर्टकटसाठी ऑल्ट लागतच नाही, नुसतं अक्षर दाबलं तरी बटण दाबलं जातं. खान्यात असताना ऑल्ट लागतो, कारण तिथं अक्षर टाइप व्हायचं असतं. मुनीमजी ३२ क्विंटल टाइप करतायत, मधेच डायलॉग आला, ३ त्याला लागला, पावती रद्द. अक्षरांनाही हा धोका आहेच, पण आकड्यांना दहापट, कारण ते दिवसभर आकडेच टाइप करतात.


जुना_फॉक्सप्रो

हं. हे बरोबर आहे. डॉसमध्ये डायलॉग मधेच टपकायचे नाहीत, म्हणून आम्हाला चालायचं.


मिहानवाला

एक्सेल समोर येण्याचं राहिलं. शोडायलॉगला (डायलॉग उघडणारी मेथड) मालक खिडकी, म्हणजे डायलॉग ज्या खिडकीचा आहे ती, देतोस का? आणि डायलॉग कोणत्या थ्रेडवरून (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी कोणत्या कामातून) उघडतो?

मालक खिडकी बंद ठेवून डायलॉग उघडतो, आणि डायलॉग मिटताना मालक आधी चालू व्हायला हवा, मग डायलॉग नष्ट व्हायला हवा. क्रम उलटा झाला तर डायलॉग जाण्याच्या क्षणी आपली एकही खिडकी फोकस घेण्याच्या स्थितीत नसते. विंडोज मग जी दुसरी खिडकी सापडेल तिला पुढे करतं. शोडायलॉग हा क्रम नीट सांभाळतं, पण मालक कोण ते त्याला बरोबर कळलं तरच.


इतवारीचा_कोडवाला

सापडलं. छपाई वेगळ्या थ्रेडवर चालते, आणि "प्रिंटरमध्ये कागद नाही" हा मेसेजबॉक्स त्या थ्रेडवरूनच, मालकाविना, उघडत होता. आता तो इन्व्होक या मेथडने मुख्य थ्रेडवर आणला आणि मालक खिडकी दिली. एक्सेल वर येणं बंद.

बाकी केलेलं: बटणाचा क्लास काढून चौकट कायम दिसती ठेवली. एंटर आणि एस्केप दोन्ही 'ठेवा' वर. 'रद्द' साठी कंसात रोमन अक्षर, शिवाय शिफ्ट एफ८. खान्यांना पिवळा, हाय कॉन्ट्रास्टमध्ये सिस्टिमचा रंग. लेबलांचा टॅबक्रम ताईंनी सांगितल्याप्रमाणे. शीर्षकातून फर्मचं नाव काढलं, त्यावर शेटजी थोडे नाराज आहेत. फर्मचं नाव त्यांना सगळीकडे पाहिजे.

डायलॉग उघडताना 'ठेवा' वर फोकस देण्यासाठी लोड इव्हेंटमध्ये फोकस मेथड बोलावली होती, ती काही करतच नव्हती.


मिहानवाला

लोडच्या वेळी खिडकी अजून दिसत नसते, आणि न दिसणाऱ्या कंट्रोलला फोकस घेता येत नाही. फॉर्मची अ‍ॅक्टिव्हकंट्रोल प्रॉपर्टी लाव, किंवा शोन इव्हेंटमध्ये कर. विन३२ वाल्यांसाठी: इनिटडायलॉग या, डायलॉग सुरू होतानाच्या, मेसेजमध्ये स्वतः फोकस दिलात तर फॉल्स परत करा, नाहीतर विंडोज आपल्या मर्जीच्या कंट्रोलला देऊन टाकतं. आणि डायलॉगमध्ये नंतर फोकस हलवताना नुसतं सेटफोकस नको, नेक्स्टडायलॉगकंट्रोलचा मेसेज पाठवा. सेटफोकसने मूळ बटणाची कडा हलत नाही, मग दोन बटणांना कडा दिसते आणि कोणतं खरं ते कळत नाही.


कानाने_वाचणारी

शेटजींना सांगा, फर्मचं नाव मुख्य खिडकीच्या शीर्षकात ठेवा, डायलॉगमध्ये नको. म्हणजे दोघांचं जमतं.

आणखी एक: पावती रद्द झाल्यावर फोकस यादीत कुठं जातो? रद्द केलेल्या ओळीच्या जागी जी ओळ आली तिच्यावर राहू द्या. बऱ्याच प्रोग्राममध्ये तो पहिल्या ओळीवर उडी मारतो, आणि मला दोनशे ओळी खाली पुन्हा यावं लागतं.


इतवारीचा_कोडवाला

पहिल्या ओळीवरच जात होता, ताई. यादी पुन्हा भरण्याआधी ओळीचा क्रमांक धरून ठेवतो आता. शेटजींना तुमचा तोडगा पटला.

शेवटचं एक. त्या यादीच्या ग्रिडमध्ये टॅब दाबला की एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातो, ग्रिडच्या बाहेर खालच्या बटणांवर येतच नाही. मुनीमजी सगळी यादी संपेपर्यंत टॅब दाबत बसतात.


टॅब_आणि_शिफ्ट

डेटाग्रिडव्ह्यूची स्टँडर्डटॅब प्रॉपर्टी ट्रू कर. टॅबने बाहेर, बाणांनी आत.


जुना_फॉक्सप्रो

आणि एंटरने खालची ओळ. त्याला हात लावू नका.


इतवारीचा_कोडवाला

नाही लावत, काका. उद्या दुकानात टाकतो. पोराला क्लिक करू देतो आणि बघतो.